हुकमाची तालीम

बारकीनं मला हुकूम सोडायचा होता आणि ती नुसती हसत उभी होती. हॉटेलातल्या चादरींच्या खोलीत, इस्त्रीच्या थप्प्यांमधल्या बोळकांडीत आमची तालीम चालली होती. बारकी झाली होती सुपरवायझर आणि मी तिच्या हाताखालची, उलट उत्तरं देणारी, एक नंबरची कामचुकार. माझं काम मी चोख करत होते. जांभया देत होते, कमरेवर हात ठेवून छताकडे बघत होते. तिच्या तोंडून मात्र शब्द फुटेना.

"सांग ना गं. आय वॉन्ट यू टु... पुढे?"

"आय वॉन्ट टु क्लीन द रूम," ती म्हणाली, आणि खरोखरच माझ्या हातातलं फडकं घेऊन कपाट पुसायला लागली.

मी कपाळावर हात मारून घेतला.

आमच्याकडे बेड लावायला जोड्या असतात. मोठी चादर एकटीनं घालायची तर पलंगाभोवती फेऱ्या मारून जीव जातो, म्हणून एक या बाजूला, एक त्या बाजूला. माझी धाकटी रांगत होती तेव्हापासून माझ्या समोरच्या बाजूला बारकीच. आता वाकून वाकून तिची पाठ गेली होती. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, वाकायचं काम बंद करा. घरात कमावणारी ती एकटी, बंद करून जाते कुठे? तेवढ्यात आमच्या मजल्याची सुपरवायझर नोकरी सोडून गेली आणि साहेबांनी बारकीचं नाव पुढे केलं. सुपरवायझरला वाकावं लागत नाही. ही जागा मिळाली तर ठीक, नाहीतर बारकी घरी बसणार, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. घोडं पेंड खात होतं ते एकाच ठिकाणी. हॉटेलात कामाला माणसं कुठकुठली, कुणाचं बोलणं कुणाला कळत नाही, त्यामुळे हुकूम सगळे इंग्रजीत. परीक्षाही इंग्रजीत, आणि ती घ्यायला मुख्य ऑफिसातून एक बाई येणार होत्या.

माझी नणंद शाळेत इंग्रजी शिकवते. तिचं माझं विळ्याभोपळ्याचं सख्य, पण अडला हरी म्हणतात ना, गेले तिच्याकडे. आली बिचारी. रोज संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात आम्हा दोघींना घेऊन बसायची. मला कुठली परीक्षा द्यायची नव्हती, पण गोडी लागली. आपण म्हणतो, 'त्यानं जावं असं मला वाटतं.' आधी तो, मग त्याचं जाणं, आणि आपण आपले मागे, दाराशी चपला काढत. इंग्रजीत 'आय' सगळ्यांच्या आधी आत शिरून खुर्ची पकडतो. आय वॉन्ट हिम टु गो. मी विचारलं, 'ही' का नाही, 'हिम' का? नणंद म्हणाली, वहिनी, ज्याच्याकडून काम करून घ्यायचं त्याचं रूप बदलतं. ते मला लगेच पटलं. साहेब समोर आले की आमचंही बदलतं.

पुढे तर आणखी गंमत. टेल, आस्क, वॉन्ट यांच्यामागे माणूस आला की कामाआधी 'टु' लागतो, पण मेक आणि लेटला तो चालत नाही. मेक हर वेट. लेट हर गो.

"म्हणजे जबरदस्ती आणि मोकळीक एकाच माळेचे मणी?" मी म्हटलं.

इतक्या वर्षांत नणंद पहिल्यांदा माझ्या बोलण्यावर हसली. त्यानंतर मी भांडी घासता घासता नवऱ्याला इंग्रजीत कामाला लावू लागले. त्याला कळायचं नाही, आणि कळलं असतं तरी तो काही उठणाऱ्यातला नाही.

बारकी माझ्यापेक्षा हुशार. 'शी टोल्ड मी टु वेट', 'ही मेड मी डू इट अगेन', 'दे डिड नॉट लेट मी सिट'. इंग्रजीतला हा 'मी', म्हणजे आपला 'मला', ज्या ज्या वाक्यात असे ते ती घडाघडा म्हणायची. जन्मभर दुसरं ऐकलंय काय तिनं! पण सांगणारी ती आणि काम दुसऱ्याचं, असं वाक्य आलं की मधला माणूस ती गाळून टाकायची आणि काम आपल्या अंगावर घ्यायची. नणंद म्हणाली, हिला येत नाही असं नाही, हिला सवय नाही. आता सवय काय बाजारात मिळते?

परीक्षेच्या बाई आल्या त्या गोड बोलणाऱ्या निघाल्या. खोलीत साहेबांसमोर त्यांनी बारकीला पाचसहा प्रश्न विचारले. तिनं उत्तरं दिली. मग त्या म्हणाल्या, आता करून दाखवा, आणि दारात उभ्या असलेल्या मला आत बोलावलं. समोरचा बेड आम्ही दोघींनीच सकाळी लावलेला, एक सुरकुती दिसेल तर शपथ. बाईंनी बारकीला सांगितलं, हा तुम्हाला पसंत नाही असं समजा आणि हिच्याकडून परत लावून घ्या.

बारकीनं बेडकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, संपलं सगळं.

"आय वॉन्ट यू टु मेक द बेड अगेन," ती म्हणाली. अडखळली नाही की हसली नाही. खरं सांगते, मला इतका आनंद झाला की माझंच हसू फुटायचं बाकी होतं.

मी चादर ओढून काढली, दुसरी झटकून पसरली, आणि बारकी सरळ पलंगाच्या पलीकडे गेली. चादर उडाली की तिचे पाय आपोआप तिकडे वळायचे, त्याला ती तरी काय करणार. तिनं वाकून आपलं टोक धरलं. बाईंचं पेन थांबलं. साहेबांनी मान फिरवली.

मी पलंगावर ओणवी होते. मान खाली ठेवूनच हळू म्हटलं, "बारके, सोड."

तिला ऐकू गेलं, पण ती सोडेना.

"सोड गं. मी लावते."

तिनं टोक सोडलं. एका हातानं पाठ धरून सरळ उभी राहिली आणि दोन्ही हात मागे घेतले. मी माझ्या बाजूची चादर गादीखाली खोचली, वळसा घालून पलीकडे गेले आणि तिच्या पायांशी वाकून तिची बाजूही खोचली. मला जागा व्हावी म्हणून ती जरा मागे सरकली. बाईंनी साहेबांकडे बघून मान डोलावली.

मी परत वळसा घालून माझ्या बाजूला आले. उशा अजून राहिल्या होत्या.