ताईला न विचारता दिलेली टेकडी

युसनिदारचे लग्न झाले त्या वर्षी, म्हणजे १९८१ साली, विद्यापीठ टेकडीवर आले. त्याआधी ते खाली गावात होते. तीन खोल्या आणि पत्र्याचे छप्पर; पाऊस लागला की गुरुजींचा शब्द ऐकू येत नसे. पोरे वाढली, जागा पुरेना, म्हणून साहेब लोक दालचिनीची टेकडी मागायला मारलिसकडे आले.

मारलिस हा युसनिदारचा मामा. आमच्या मिनांग मुलखात जमीन बायकांची, आईकडून लेकीकडे जाणारी. मामाने ती राखायची आणि घराच्या वतीने चारचौघांत बोलायचे, एवढेच. टेकडी त्याच्या थोरल्या बहिणीची, म्हणजे युसनिदारच्या आईची, रोहानाची होती. पण साहेबांनी त्याला कॉफीच्या दुकानात पुढच्या बाकावर बसवले, कुळाचा प्रमुख म्हणून ‘दातुक, दातुक’ करत मान दिला. कारकुनाने कागद वाचून दाखवला आणि विचारले, “बहिणीला विचारलंय ना?”

“विचारलंय की,” मारलिस म्हणाला आणि त्याने अंगठा उठवला.

रोहाना तेव्हा लग्नाच्या मटणाची कढई ढवळत होती. संध्याकाळी सांगू, असे त्याने ठरवले. संध्याकाळी वऱ्हाड आले, आणि सांगायचे राहून गेले. पुढच्या महिन्यात यंत्रे चढली, झाडे आडवी झाली. रोहाना ऊर बडवून ओरडली, “लुटलं गं सरकारनं!”

मारलिस शेजारीच उभा होता. त्यानेही ‘हो’ म्हणून मान हलवली.

विद्यापीठ वाढत गेले. आधी शेतकीची इमारत, मग वाचनालय, मग मुलींचे वसतिगृह. गावातली पोरे मास्तर झाली, दोघे डॉक्टर झाले. “दातुक, तुमच्यामुळं हे सगळं,” लोक म्हणत, आणि मारलिस दुसराच विषय काढे. रोहाना त्या रस्त्याने बाजारालासुद्धा जात नसे.

१९९९ साली युसनिदारच्या लेकीला, वेल्मीला, तिथे प्रवेश मिळाला. “चोरांच्या घरी माझी नात शिकणार नाही,” रोहानाने सांगून टाकले. वेल्मी रडत मारलिसकडे आली.

“आजोबा, नाव नोंदवायला दोनच दिवस उरलेत. तुमचं ऐकते आजी.”

तो गेला. रोहाना मिरच्या निवडत होती.

“ये, बाळ,” ती म्हणाली. सत्तरीला टेकलेला भाऊ तिच्या लेखी बाळच होता. “पोरीची वकिली करायला आलास वाटतं?”

“ताई, त्यांनी लुटली नाही. मी दिली. तू हो म्हणालीस, असं सांगून दिली.”

तिचे हात थांबले.

“मला का नाही विचारलंस?”

“तू नाही म्हणाली असतीस.”

“दिली असती रे. वरचा माळ दिला असता. खालची झाडं तेवढी आईच्या हातची होती.”

मारलिस तिच्यासमोर खाली बसला.

“अठरा वर्षं त्या मास्तरांना शिव्या घातल्या मी,” ती म्हणाली. “आणि शिव्यांचा धनी माझ्याच पानाशेजारी बसून भात मागून घेत होता!”

“मग वेल्मी?”

“जाईल ती. तिनं काय केलंय? तू मात्र यापुढं माझ्या वतीनं कुठं बोलायचं नाहीस.”

वेल्मी शिकली. घरच्या बैठकीत मामाच्या जागी त्याचा धाकटा मावसभाऊ साफ्री बसू लागला. मारलिस दाराशी बसे, आणि जमिनीचा विषय निघाला की उठून पायरीवर जाई. ताईने माफ केले का, हे विचारायचा धीर त्याला कधी झाला नाही.

रोहाना २००३ साली, रमजानच्या पाचव्या दिवशी दुपारी वारली.