माझ्या फळीवरचा अभ्यास

मित्रांनो, मी एक जुनी, पायाने चालवायची शिलाई मशीन आहे. पण माझ्यावर शिवण जितकं झालं तितकाच अभ्यासही झाला, असं सांगितलं तर तुम्हाला पटेल का?

एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी मला घरी आणलं, तेव्हा माझं काळं अंग नुसतं चकाकत होतं. घर दोन खोल्यांचं. तिथे वेगळ्या टेबलाला जागा कुठली? सकाळभर बाई माझ्यावर झबली आणि अभ्रे शिवत. दुपारी माझं डोकं आत दुमडून वर फळी टाकत आणि स्वतः खाली बसून हाताने काजं करत. मग माझ्यापाशी त्यांची लेक अभ्यासाला बसे. तिला सगळे ठमी म्हणत. गणित अडलं की ती नकळत पायाखालचा माझा पायटा हलवायची. ना सुई, ना दोरा, तरी माझं चाक आपलं फिरतंय! दुपार कधी होते याची मी वाटच बघत असे.

बारावीनंतर ठमीने डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा दिली. नंबर लागला नाही. ती फळीवर कपाळ टेकून बसली होती, तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या काकू डोकावल्या. "आमच्या भाच्याचा तर पहिल्याच फटक्यात लागला हो!" म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तिने पुस्तकं पोत्यात भरली.

"आई, मला शिवण शिकव. अभ्यास आपल्या नशिबातच नाही."

"बस," आई एवढंच म्हणाली.

आठवडाभर ठमी शिवत होती. पण तिचे पाय जड पडत, ते मला कळायचं. एकदा तिने झग्याची डावी बाही उजवीकडे जोडली आणि चूक दिसताच झगा भिरकावला.

"कापड वाया घालवलं! मला काहीच जमत नाही!"

"वाया कशानं? टीप चुकली. उसव."

ठमी उसवू लागली. "सुईची भोकं दिसतायत गं."

"धुतल्यावर बुजतात. नाही बुजली, तरी झगा अंगात घालता येतोच." मग आई हळूच म्हणाली, "शिवण आवडत असेल तर खुशाल शिक. पण रुसून शिकू नकोस. आणि नंबर लागला नाही म्हणून या घरात तुझ्यापुढचं ताट कुणी काढून घेणार नाही."

निकालानंतर पहिल्यांदाच ठमी पोटभर रडली. संध्याकाळी पोतं उघडलं.

पुढच्या वर्षीही डॉक्टरकी हुकलीच. या वेळी दोन दिवस रडून, तिसऱ्या दिवशी तिने माझ्याच फळीवर नर्सिंगचा फॉर्म भरला. ती दूरच्या शहरात गेली, शिकली, तिथेच दवाखान्यात लागली.

आता बाईंना सुईत दोरा ओवता येत नाही. माझ्यावर घड्या केलेल्या चादरी असतात. दुपार होते, उन्हं सरकतात, कुणी येत नाही. फक्त रविवारी बाई त्या चादरींवर फोन ठेवून मोठ्या आवाजात बोलतात. "आई, आज माझ्या वॉर्डातलं बाळ घरी गेलं," असं काहीबाही पलीकडून ऐकू येतं. तो आवाज फळीतून माझ्या लोखंडापर्यंत उतरतो. पुढचे सहा दिवस मी त्यावरच काढते.

मित्रांनो, मला तेल घाला, पुसा, असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या घरात कुणी हरून आलं, तर आधी त्याला बसायला जागा द्या. मार्क नंतर विचारा.