अकरा लाख ठोकळ्यांची जाळी

मित्रांनो, माझ्या पोटात पालीने दोनदा अंडी घातली आहेत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझं वय विचारायची गरज उरणार नाही. मी पोलादपूर तालुक्यातल्या कापडे गावचा एक जुना संगणक आहे.

मला जोडलं मुंबईत, इमारतींचे नकाशे काढणाऱ्या एका ऑफिसात. तिथे माझा मोठा मान होता. वीस-वीस मजले मी गरागरा फिरवून दाखवायचो आणि साहेब लोक पाहुण्यांना मुद्दाम माझ्यापुढे आणून उभं करायचे. सात वर्षांनी नवी यंत्रं आली आणि मला भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यात ठेवलं. त्या ऑफिसात कामाला असलेल्या राहुलने मला मागून घेतलं, गोधडीत गुंडाळलं आणि एसटीने गावी आणलं.

गावी माझ्यावर शिकली राहुलची धाकटी बहीण स्नेहल. ती शिकायला पुण्याला गेली आणि मी मागे राहिलो. मग माझ्यावर टॉवेल वाळू लागले. पालीचा मुक्काम त्याच दिवसांतला.

यंदा मे महिन्यात स्नेहल सुट्टीला आली, ती मोठं काम घेऊनच. एका आजारी माणसाच्या तपासणीच्या चित्रांवरून तिने त्याच्या रक्तवाहिनीचा आकार संगणकात घडवला होता. तिच्यातून रक्त कसं वाहतं, हे तिला गणिताने काढायचं होतं. पण गणिताला अखंड नळी समजत नाही. त्यासाठी नळीच्या भिंतीवर आधी त्रिकोणांची जाळी चढवावी लागते. मग आतली पोकळी बारीक ठोकळ्यांनी भरायची, बरणीत खडीसाखर ठासून भरावी तशी. एकेका ठोकळ्यातलं रक्त मोजलं की सगळ्या वाहिनीचं कळतं.

तिने मला पुसलं, पंख्यातली धूळ काढली, अंड्यांची टरफलं बाहेर टाकली. मी इतका खूश झालो की सुरू होताना नेहमीपेक्षा जोरात घरघरलो. तेच भोवलं.

फोनवर राहुलला ती घरघर ऐकू गेली. "स्नेहल, डब्बा हाय तो. जास्त लोड देऊ नको, नायतर बसेल. सेटिंग लो ठेव एकदम."

बहिणीने भावाचं ऐकलं. माझ्यावर भार पडू नये म्हणून तिने सगळे त्रिकोण मोठे-मोठे घेतले. मोठे त्रिकोण म्हणजे थोडे त्रिकोण, आणि थोडे त्रिकोण म्हणजे मला कमी काम. मग तिने आतल्या ठोकळ्यांची जाळी बनवायला सांगितली. मी थांबलो आणि पडद्यावर लाल ओळ आली: जाळी तयार होऊ शकली नाही. कारण सांगायची सोय त्या ओळीत नव्हती.

तीन दिवस हेच चाललं. माझी कीव करून ती त्रिकोण आणखी मोठे करायची आणि लाल ओळ आणखी लवकर यायची. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना, तसं ते अंगण म्हणजे मी ठरलो. चौथ्या सकाळी पुण्याहून तिच्या मॅडमचा फोन आला.

"स्नेहल, आज पाचपर्यंत जाळी आली नाही तर मला हा विषय दुसऱ्या कुणाला द्यावा लागेल. तुझं मशीन जुनं आहे, त्यात तुझी चूक नाही."

म्हणजे चूक माझी. मित्रांनो, पालीच्या अंड्यांचं मला काही वाटलं नव्हतं, या वाक्याचं वाटलं. स्नेहलने फोन ठेवला आणि डोळे पुसले. वर्षभर ती त्या एका वाहिनीमागे होती.

इतक्यात सोनबाआजोबा ओल्या धोतराने आत आले. डोंगरातल्या झऱ्यावरून गावात पाण्याची नळी येते, तिची गळती काढून ते परतले होते. या वयात वर जाऊ नका असं त्यांनाही घरात सगळे सांगतात. ते ऐकत नाहीत, एवढाच त्यांच्यात आणि माझ्यात फरक.

"काय झाला गो?"

"आबा, ही नळी कुठेतरी बिघडलीय. घोडं नेमकं कुठं पेंड खातंय तेच सापडत नाही."

आजोबांनी पडद्याकडे पाहिलं. "मंग सगली नली कशाला धुंडालतेस? मी काय करतो? मधला जोड सोडतो. तितं पानी पुऱ्या जोरात आला तर वरची बाजू बरी हाय. मंग खालच्या बाजूचा मधला जोड. चार-पाच जोडांत गलती हाताला लागते."

स्नेहल पटकन खुर्चीवर बसली. तिने वाहिनी मधोमध कापली, कापलेल्या तोंडांना सपाट झाकणं लावली आणि एकेक अर्धा भाग मला दिला. वरच्या भागाची जाळी मी चुटकीसरशी बनवली. खालच्याला लाल ओळ आली. तिने खालचा पुन्हा कापला. पाचव्या वेळी पडद्यावर बोटभर तुकडा उरला, जिथे एका वाहिनीच्या दोन फांद्या अगदी खेटून जातात. तिने तो मोठा करून पाहिला. मोठ्या त्रिकोणांना मधली बारीक फट राखता आली नव्हती. एका फांदीची भिंत दुसरीच्या पोटात शिरली होती. आत कुठलं आणि बाहेर कुठलं, हे मी कसं ठरवणार होतो?

"याला जपायला गेले आणि वाट लावली," ती हळूच म्हणाली.

"बैलाला गोठ्यात बांधून ठेवला तर तो नांगर इसरतो," आजोबा म्हणाले आणि धोतर बदलायला गेले.

स्नेहलने त्या खेटलेल्या जागी त्रिकोण बारीक केले, आधीच्या दहाव्या हिश्शाएवढे. बाकी ठिकाणीही माझी भीड ठेवली नाही. मग अख्खी वाहिनी मला दिली. मी तापलो, घरघरलो, पंखा पळवला. बाराव्या मिनिटाला पडद्यावर आकडा आला: अकरा लाख ठोकळे, चूक एकही नाही. स्नेहल आजोबांना मिठी मारून नाचली, आणि दुपारी दोन वाजता जाळी पुण्याला पोहोचली.

मॅडमचा फोन आला. "छान झालीय. विषय तुझाच. कुणाचं मशीन मिळवलंस?"

"घरचंच, मॅडम. आमचं जुनं."

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखं कुणी टॉवेलाखाली असेल. त्याची धूळ जरूर झटका, पण तेवढ्यावर थांबू नका. दया करून आम्हाला बाजूला बसवू नका. आमच्या जोगतं, आणि थोडं त्याहून जास्त, काम सांगा.

काल स्नेहलने मला दुसरी रक्तवाहिनी दिली, पहिलीच्या दुप्पट लांबीची. राहुल फोनवर होता, तरी झेपेल का असं तिने कुणालाच विचारलं नाही. मुंबईच्या ऑफिसातसुद्धा माझा एवढा मान कधी झाला नव्हता.