माघारी फिरलेले कण

कॉलेजात त्यांना पाठीमागे सगळे कलिंगड सर म्हणत. अणू म्हणजे कलिंगड, धन विद्युतभार गरासारखा सगळीकडे पसरलेला आणि इलेक्ट्रॉन त्यात बियांसारखे रुतलेले, असं ते वर्षानुवर्षं शिकवत आले होते. अणू असा नसतोच, अशा परदेशातल्या एका प्रयोगाच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा त्यांनी त्या उडवून लावल्या. त्यांचा लाडका विद्यार्थी त्या बातम्यांची बाजू घेऊन बोलला, तर त्याच्याशी बोलणंच टाकलं. तो नोकरी धरून दुसऱ्या गावी गेला. हळूहळू सहकारीही सरांसमोर विषय काढेनासे झाले.

शेवटी, एकदाचा सोक्षमोक्ष लावावा म्हणून सरांनी तोच प्रयोग स्वतः मांडला. सोन्याचा पातळ वर्ख, त्यावर रेडियममधून सुटणाऱ्या कणांचा मारा, आणि कण आदळला की चमकणारी लेप दिलेली काच. खिडक्या झाकून, डोळे अंधाराला सरावेपर्यंत ते एकटेच बसून राहिले. त्यांच्या हिशेबाने कण वर्खातून आरपार जायला हवे होते. म्हणून काच त्यांनी मुद्दाम वर्खाच्या अलीकडे, रेडियमच्याच बाजूला, पण थेट मारा पोचणार नाही अशी ठेवली. तिथे काही दिसायचं कारणच नव्हतं.

काचेवर ठिणगी चमकली. थोड्या वेळाने आणखी एक.

वर्ख काढला, चमक थांबली. लावला, पुन्हा सुरू. कित्येक दिवस त्यांनी स्वतःची चूक शोधली, सापडली नाही. अणूच्या आत काहीतरी इवलंसं, जड होतं, जे कणांना माघारी धाडत होतं. बाकी सगळी पोकळी, म्हणून तर एखादाच कण माघारी येत होता. सरांच्या अंगावर काटा आला. हे ज्याला सांगावं असा एकच माणूस होता, आणि त्याला त्यांनीच तोडलं होतं.

घरी थोरल्या बहिणीला त्यांनी सगळं सांगितलं.

"म्हणजे तुझं चुकलं?" तिने विचारलं.

"हो, ताई."

"मग मुलांना सांगून टाक. आधी जेव."

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी मन घट्ट करून चूक कबूल केली. गलका होईल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. पुढच्या बाकावरची मुलगी अडखळत म्हणाली, "आम्हाला माहीत होतं, सर. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून पेपरात तुमचंच लिहायचो."

सरांनी मान डोलावली आणि फळ्यावर नवी आकृती काढली. मुलांनी ती मुकाट्याने उतरवून घेतली. तास संपला, वर्ग रिकामा झाला. ती ठिणगी कशी दिसली, हे कुणीच विचारलं नाही. खडूचे हात झटकून सर पुढच्या तासाला निघाले.