छत्रीखालचा ठसा

गॅस बंद करून तिने कढई दोन्ही हातांनी उचलली आणि मागच्या पायरीवर नेऊन ठेवली. तेल नुकतंच तापायला लागलं होतं. ओट्यावर जुना पेपर पसरून त्यावर सहा मोठी पांढरी भूछत्रं ओळीने मांडलेली होती. सातवं चिरायला घेतलेलं. सुरी वडिलांच्या हातात.

"सुरी द्या, बाबा."

"अगं, चिरून तर होऊ दे. ठेवली की लगेच मऊ पडतात ती."

"आधी सुरी."

त्यांनी मुठीची बाजू तिच्याकडे करून सुरी पुढे केली. मागच्या दारापासून ओट्यापर्यंत चिखलाची पावलं उमटली होती, अनवाणी.

"यातलं काही खाल्लंत का?"

"कच्चं कोण खातं?"

"नीट सांगा."

"नाही म्हटलं ना."

"तोंड उघडा."

त्यांनी तोंड उघडलं. तिने त्यांची हनुवटी धरून खिडकीकडे वळवली आणि जिभेखाली, गालात, सगळीकडे पाहिलं. आपण हे काय करतोय असं एकदा मनात आलं, पण पाहणं तिने अर्ध्यावर सोडलं नाही. मग ती स्टुलावर बसली. घड्याळात सव्वाआठ झाले होते. आठवड्यातला हा एकच दिवस तिला सातनंतर झोपायला मिळायचा.

वडील चौतीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. पावसाळी दिवसांत लोक पेपरात, फडक्यात, कधी टोपीत अळंबी घेऊन दारात उभे राहायचे. "सर, हे चालेल का?" ते हो-नाही काही न बोलता आधी विचारायचे, "उपटून आणलंय की कापून?" कापून आणलेलं असलं तर माणसाला तसंच परत पाठवायचे. त्यांनी चालेल म्हटलेलं खाऊन कुणाला काही झालं, असं एवढ्या वर्षांत एकदाही घडलं नाही.

पण ते तेव्हाचे बाबा. आत्ताच्या बाबांनी मागच्या महिन्यात साखरेच्या डब्यात कपड्यांची पावडर भरून ठेवली होती आणि त्याच साखरेचा चहा मोठ्या अगत्याने मावशींना करून दिला होता. मावशी सोमवार ते शनिवार दिवसभर त्यांना सांभाळायच्या. ती रक्त तपासायच्या लॅबमधून संध्याकाळी घरी आली, तेव्हा मावशी पिशवी खांद्याला लावून दारातच उभ्या होत्या. "जीव नकोसा झालाय ताई. आणखी एकदा असं झालं तर मी यायची नाही," त्या म्हणाल्या. ती त्यांच्या पाया पडायचीच बाकी राहिली होती.

"खायचीच आहेत ही," वडील म्हणाले.

"कशावरून?"

प्रश्नाने ते आधी दुखावल्यासारखे झाले. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी काहीतरी विचारत होतं. त्यांनी दुसरं स्टूल ओढलं, एक भूछत्र उचललं आणि उलटं करून तिच्यासमोर धरलं.

"बुडाशी बघ. पिशवी आहे का? फाटक्या पिशवीतून वर आल्यासारखं काही दिसतं का?"

"नाही."

"नसायलाच हवी. पिशवी असली तर हातसुद्धा लावायचा नाही. आता दांडा. हे कडं बघ." त्यांनी दोन बोटांनी दांड्याभोवतीचं पांढरं कडं अलगद धरलं आणि बांगडीसारखं वरखाली सरकवलं. "सरकतं. चिकटलेलं नाही. छत्री आपल्या पंजापेक्षा मोठी. वर हे तपकिरी खवले, मध्ये टेंगूळ. आणि खाली या पट्ट्या. पांढऱ्या, दांड्याला न टेकलेल्या."

त्यांचा आवाज बदलला होता. शब्द अडत नव्हते. मघाशी तिला उठवायला येऊन "आज रविवार ना?" असं तीनदा विचारून गेलेला माणूस हा नव्हेच. ती पुढे वाकून ऐकायला लागली. आपण वाकलोय हे तिच्या लक्षातही आलं नाही.

"पण एक प्रश्न उरतो," त्यांनी बोट वर केलं. "हिची एक जुळी बहीण आहे. कडं तसंच, खवले तसेच. लहानपणी दोघींच्या पट्ट्याही पांढऱ्याच. पण ती खाल्ली, की माणूस दोन दिवस संडासातून बाहेर येत नाही. म्हाताऱ्या माणसाचं तर विचारू नकोस."

"मग ओळखायचं कसं?"

"बीजाणूंवरून. हिचे पांढरे, तिचे हिरवट. छत्री कागदावर पालथी ठेवायची, चार-पाच तासांनी खाली ठसा पडतो. तो बघितल्याशिवाय तोंडात घालायचं नाही."

"आणि तुम्ही बघितलात ठसा?"

त्यांनी हातातल्या भूछत्राकडे पाहिलं, पेपरावरच्या ओळीकडे पाहिलं, मग दाराबाहेरच्या कढईकडे.

"बघितला नाही का मी?"

"नाही, बाबा."

"हं." बराच वेळ ते अंगठ्याने दांडा चोळत राहिले. "मग आधी बघायला हवा."

तिला सगळं उचलून कचऱ्यात टाकता आलं असतं. पण त्यांनी काळा आणि पांढरा असे दोन कागद मागितले, आणि ते इतक्या रीतसर मागितले की ती उठून शोधायला गेली. जुन्या फोटोंच्या अल्बममधलं एक कोरं काळं पान तिने फाडून आणलं. वडिलांनी ते पांढऱ्या कागदाला कडेला कड लावून चिकटवलं, दांडा छत्रीलगत कापून काढला आणि छत्री बरोबर सांध्यावर ठेवली. अर्धी काळ्यावर, अर्धी पांढऱ्यावर. वरून पातेलं उपडं घातलं.

"वारा लागू द्यायचा नाही. हलवायचं नाही. घाई तर मुळीच करायची नाही," ते म्हणाले. "समजलं का, ठकू?"

ठकू हे तिचं लहानपणचं नाव. गेले चार महिने ते तिला आपल्या मोठ्या बहिणीच्या नावाने हाक मारत होते. तिने ती चूक दुरुस्त करणंही सोडून दिलं होतं.

मग रविवार नेहमीसारखा सुरू झाला. तिने फरशीवरची पावलं पुसली, त्यांचे पाय धुतले. दोन बादल्या कपडे भिजवले, चादरी काढल्या. त्यांच्या आठवड्याच्या गोळ्या डबीच्या सात खणांत भरल्या. मधेच डोळ्यांपुढे अंधारी आल्यासारखं झालं, म्हणून भिंतीला टेकून जरा उभी राहिली आणि पुन्हा कामाला लागली.

अकराच्या सुमाराला स्वयंपाकघरातून हाक आली.

"अक्का, हे पातेलं इथे कुणी उपडं घातलंय?"

ती साबणाच्या हातांनीच धावली. त्यांचा हात पातेल्यावर होता.

"राहू द्या. त्याच्याखाली ठसा घेतोय आपण."

"कसला ठसा?"

तिने सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. त्यांनी मान डोलवत ऐकलं आणि शेवटी म्हणाले, "उत्तम. काळा-पांढरा कागद कुणाला सुचला?"

"तुम्हालाच."

"असं?" ते खूश झाले.

बारा वाजता तिने पुन्हा सांगितलं. पाऊण वाजता पुन्हा. चौथ्या वेळेला तिचा आवाज चढला. ते शर्टाचं खालचं बटण काढत-लावत राहिले. ती मोरीत गेली, नळ मोठा सोडला आणि तोंड धुतलं. पुन्हा धुतलं.

दुपारी मावशींचा फोन आला. सकाळीच तिने त्यांना सांगून टाकलं होतं. लपवलं असतं तर पुढे कधीतरी कळलंच असतं.

"काय निघालं मग?"

"अजून बघितलं नाही. कदाचित खायचीच असतील, मावशी. माहिती सगळी बरोबर सांगत होते ते."

"ताई, एक बोलू? रागावू नका. ती विषारी निघाली तर मी येईन. मी त्यांना सांगेन, तुमचं चुकलं होतं, आता बाहेर जायचं नाही. ते ऐकतील. पण त्यांचंच खरं निघालं, तर उद्या त्यांना कोण अडवणार? रोज काहीतरी उपटून आणतील. मी शिकलेली बाई नाही. मला त्यातलं काय कळतंय?"

"हो."

"मग उद्या येऊ का नको, तेवढं संध्याकाळी कळवा."

फोन ठेवल्यावर ती तिथेच उभी राहिली. लॅबमध्ये तिने रजा मागितली त्याला तीन आठवडे झाले होते. जागेवर दुसरं माणूस नाही, हे उत्तर ठरलेलं. मावशींच्या आधी दोन बायका येऊन गेल्या होत्या, एक तर दोनच दिवसांत. हिरवा निघू दे, असं तिच्या मनात आलं. आपल्या वडिलांचं चुकू दे. दिवसभर काचेखालचं रक्त बघून जे दिसेल तेच लिहायचं, हे तिचं काम. पण काच ठेवण्याआधीच अमुक निघू दे असं तिला आजवर कधी वाटलं नव्हतं.

साडेचारला वडील खुर्चीतच पेंगत होते. तिने पातेलं उचललं आणि छत्री दोन बोटांनी सरळ वर घेतली.

काळ्या अर्ध्यावर सुबक रेघा उमटल्या होत्या. मध्यापासून कडेपर्यंत, केसाइतक्या बारीक, जवळजवळ. चाळणीतून पीठ भुरभुरावं तशी पूड. पांढरी. पांढऱ्या अर्ध्यावर काहीच दिसत नव्हतं. कागद तिरपा धरला, तेव्हा तिथे नुसता खडबडीतपणा जाणवला.

तिने कागद दिव्याखाली नेला. मग खिडकीशी. हिरव्याची कुठे छटासुद्धा नव्हती.

"काय निघालं?"

ते जागे झाले होते. मान सरळ, डोळे स्वच्छ. त्यांच्या सगळं लक्षात आहे, हे तिला दिसलं. दिवसभरात नेमकं आत्ताच.

"हिरवा," ती म्हणाली.

"हिरवा?"

"हिरवट. तुम्ही सांगितलं तसा. ती दुसरी आहे, बाबा."

त्यांनी हात पुढे केला. कागद चुरगळून टाकायला तिला क्षणभर वेळ होता. पण तिने तो दिला. हाताला जणू दुसरं काही येतच नव्हतं.

ते उठून खिडकीशी गेले. खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला. काळा अर्धा उजेडाकडे तिरपा केला. बराच वेळ पाहिलं. मग करंगळीचं टोक रेघांवर अलगद टेकवलं आणि ते बोट डोळ्यांजवळ नेलं. बोटावरची पांढरी पूड तिला इतक्या लांबूनही दिसली. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

त्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. तिच्या अंगावर सकाळचाच गाऊन होता, बाह्या कोपरापर्यंत ओल्या. केस बांधायचेही राहिले होते. मघाशी ठसा पाहिला तितक्याच सावकाश ते तिच्याकडे बघत राहिले.

"हो," ते म्हणाले. "हिरवट आहे."

त्यांनी करंगळी पँटला पुसली.

"बरं झालं तू वेळेवर उठलीस."

ती ओट्याकडे वळली आणि उरलेली भूछत्रं पेपरात गुंडाळायला लागली. छत्र्यांच्या कडा मऊ पडल्या होत्या, बोटं आत रुतत होती.

"जेवलीस का दुपारी?" मागून त्यांनी विचारलं.

"जेवू नंतर."

"दमलीस."

हा प्रश्न नव्हता. तिने मान हलवली, पण वळून पाहिलं नाही. पुडकं घेऊन ती कोपऱ्यावरच्या कचरापेटीपर्यंत चालत गेली. घराच्या डब्यात टाकावंसं तिला वाटलं नाही. परत येताना तिने मावशींना फोन केला.

"या उद्या."

"विषारीच होती ना?"

"या तुम्ही," तिने पुन्हा तेवढंच म्हटलं आणि फोन ठेवला.

ती घरात आली तेव्हा वडील टेबलाशी बसून लिहीत होते. तिचंच पेन, तिच्याच वहीचं पान. शेजारी चिकटपट्टी काढून ठेवलेली.

"मी विसरणार," मान वर न करता ते म्हणाले. "उद्या पुन्हा जाईन बघ. म्हणून लिहून ठेवतोय. माझं अक्षर दिसलं म्हणजे मी ऐकेन. दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाही."

"मी लिहिलं असतं, बाबा."

"तू पड जरा. मी हे लावतो आणि इथेच बसतो. कुठे जात नाही."

मागच्या दाराला, आपल्या डोळ्यांच्या उंचीवर, त्यांनी कागद लावला. चारही कडांनी पट्टी नीट दाबली. एका कोपऱ्याला सुरकुती आली होती. ती काढून पुन्हा लावली. मग दाराकडे पाठ करून ते खुर्चीत बसले.

खाटेवर पडायला जाताना ती दाराशी थांबली. अक्षर वळणदार होतं, कुठे थरथरलं नव्हतं. "आपल्या अंगणातली अळंबी" इथपर्यंत एका दमात लिहिलेलं. त्यापुढे "वि" लिहून त्यावर एक सरळ रेघ मारली होती. रेघेच्या पुढे लिहिलं होतं, "खाऊ नयेत." खाली तारीख आणि पूर्ण सही.