दुहेरी कूड

कार्ल्याच्या येसूबाईनं घराच्या भिंतींना कारवीच्या काठ्यांचे दोन-दोन कूड घातले आणि मधल्या पोकळीत भाताचं तूस ठासून भरलं. त्यापायी हातातले चांदीचे गोठ गेले. दीर श्रीपती गावभर बोंबलत सुटला, "वहिनीनं दागिना भिंतीत गाडला!" तिनं ढुंकूनही पाहिलं नाही.

हिवाळ्यात येसूबाईची सांजची चूल विझली, तरी घर पहाटेपर्यंत उबदार राही. श्रीपतीच्या नव्या पत्र्याच्या घरात शेकोटीला लाकडं पुरेनात.

एका सकाळी त्याची बायको शालन डोंगरावरून डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन वाकत आली. श्रीपती ओसरीवर तंबाखू मळत बसला होता.

येसूबाई आपल्या अंगणातून कडाडली, "भावजी, माज्या भिंतीचा खर्च साऱ्या गावाला सांगितला तुमी. हिच्या डोस्क्यावरचा कोन सांगनार?"