मृदुलाच्या कॉम्प्युटरची वाटणी

मृदुलाच्या जुन्या कॉम्प्युटरवर मी लिनक्स ही नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली आणि आमच्या फ्लॅटमध्ये भिंत उभी राहिली. मृदुला माझी बायको. कॉम्प्युटर तिच्या हॉस्टेलच्या दिवसांतला, माळ्यावर पडून होता. भंगारात देण्यापेक्षा वापरात आणू, असं मीच म्हणालो. खरं कारण वेगळं होतं. तो चालू केला की पडद्यावर दोन नावं यायची, मृदुला आणि उदयन. कॉलेजात दोघं मिळून प्रोजेक्ट करायची, म्हणून यंत्र सामाईक. मला त्यातलं दुसरं नाव पुसायचं होतं.

लिनक्सने विचारलं, जुनं सगळं पुसू की जुन्याच्या शेजारी बसू? माझं बोट पुसण्यावरच गेलं होतं. पण मृदुला मागे उभी होती. जुनं काही जाता कामा नये, म्हणाली. मग मी शेजारी बसणं निवडलं आणि मनाशी म्हटलं, ठीक आहे, ह्या उदयनला कोपरा देतो. डिस्कची वाटणी करायची पट्टी पडद्यावर आली. ती मी पार टोकाला सरकवली. आपला भाग कुठल्या बाजूचा, हे रागाच्या भरात वाचायचं राहिलं.

चहा ठेवायला उठलो तर कपाळ भिंतीवर आपटलं. बाहेरचं दार, चपलांचं कपाट, बाथरूम आणि कॉम्प्युटरचं टेबल, एवढंच माझ्या वाट्याला आलं होतं. स्वयंपाकघर, बैठकीची खोली, बाल्कनी, सगळं पलीकडे.

मृदुला भिंतीतून ये-जा करते. तिचं नाव दोन्हीकडे आहे, माझं एकीकडेच. सकाळी ती कॉम्प्युटर चालू करते, कुठली बाजू सुरू करायची ते पडदा विचारतो, आणि ती बाण खाली, जुन्या बाजूवर नेते. मग पलीकडे कुकरची शिट्टी होते. संध्याकाळी परत येते तेव्हा तिची लांब वेणी असते. आमच्या लग्नापासून तिचे केस खांद्याच्या खाली गेलेले नाहीत.

"उदयन कॅनडाला गेला ना?" मी विचारलं.

"केव्हाच."

"मग पलीकडे कोण आहे?"

"गेला नव्हता, तेव्हाचा."

टक्कल पडलेला, पोट सुटलेला उदयन मला चालला असता. त्याला मी चहाला बोलावलं असतं. पण ह्याचं वय वाढतच नाही. ह्याचे शर्ट आमच्या बाल्कनीत वाळत असतात, खाली रस्त्यावरून मला दिसतात, आणि इस्त्री नसूनही चांगले दिसतात. घरी येऊन मी भिंतीला कान लावतो. तो काहीतरी सांगत असतो आणि ती खळखळून हसते. माझ्या विनोदांना ती नाकातून हसते. पलीकडचं ते हसणं ऐकून माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो.

मी उपाय करून पाहिले. पट्टी उलटी सरकवली, भिंत ढिम्म. उदयनचं नाव पुसायला गेलो, तर उत्तर आलं, आपल्याला परवानगी नाही. निदान 'आपल्याला' तरी म्हटलं. मृदुलाचा पासवर्ड म्हणून आमच्या लग्नाची तारीख घालून पाहिली. ती नव्हती.

मग माझ्याकडची जागाही संपत आली. वर्तमानपत्र आत घेतलं की एक चप्पल नाहीशी व्हायची. छत्री आणली तर स्टूल गेलं. काल नवा चष्मा आणला आणि तेव्हापासून मला माझं आडनाव आठवत नाही.

"मला तुझ्याबरोबर जेवायचंय," मी मृदुलाला म्हणालो. "स्वयंपाकघरात बसून."

ती पलीकडे जाऊन उदयनला विचारून आली. त्याला ह्यातलं कळतं म्हणे.

"तू आत राहतोस तोवर तुझा भाग मोठा करता येणार नाही," ती म्हणाली. "वापरातली जागा वाढवता येत नाही. तू जरा बाहेर जा."

"पट्टी कोण सरकवणार?"

"मी."

"आणि तो?"

"तो बघेल ना, मी चुकत नाहीये ते."

मी बाहेर आलो. तिने दार लावून घेतलं. समोरच्या बेडेकर वहिनी दुधाची पिशवी घ्यायला आल्या होत्या, त्यांनी किल्ली विसरलात का विचारलं. मी हो म्हणालो.

आत भिंत सरकायला लागली. जड कपाट ओढावं तसा आवाज. तो दाराकडे येतोय की दारापासून लांब जातोय, ते काही कळेना. मग तो थांबला.

"तुझ्यासाठी किती ठेवू?" मृदुलाने आतून विचारलं.

सगळं, मी म्हणालो. म्हणजे ओठ हलले. आवाज फुटला नाही.

"काका," आतून एक तरुण आवाज अगदी आदराने म्हणाला, "जरा मोठ्याने सांगा."

मी दोन्ही हात जमतील तेवढे पसरले आणि बंद दारासमोर तसाच उभा राहिलो.